सुहासच्या मियाटाची चाकं

नोव्हाय, मिशिगन

प्रिय सुहास,

स. न. वि. वि. वगैरे.

गाडी घेतलीस, अभिनंदन! 1992 ची माझ्दा मियाटा, दोघांपुरती उघड्या टपाची गाडी, लाल रंग, 1.6 लिटरचं इंजिन, आणि बटण दाबलं की बॉनेटमधून वर येणारे दिवे. कॉलेजात यझ्दीचा सायलेन्सर काढून अख्खी गल्ली जागी ठेवणाऱ्या माणसाला पन्नाशीत हीच गाडी शोभते. वहिनींना सांग, यापेक्षा महाग आणि आवाजी शौक पुष्कळ आहेत, त्या स्वस्तात सुटल्या.

आता तुझा प्रश्न: मूळ चाकं काढून नवी कुठली बसवू? तू पाठवलेल्या फोटोंमधली ती 17 इंची काळी चाकं दिसायला देखणी आहेत, यात वाद नाही. पण घेऊ नकोस. दुकानदार 'लाइटवेट' म्हणतो म्हणून तर मुळीच घेऊ नकोस. हलकं कशापेक्षा, हे त्याला विचार. तुझ्या गाडीवर आत्ता जी सात पाकळ्यांची अलॉय आहेत ना, ज्यांना इथले लोक लाडाने 'डेझी' म्हणतात, ती 14 इंची आणि साडेपाच इंच रुंद आहेत. टायर न धरता एकाचं वजन साधारण साडेपाच किलो. बाजारात 'लाइटवेट' म्हणून मिळणारी कितीतरी 15 इंची चाकं सहा-सात किलोंची असतात, आणि 17 इंची तर आठाच्या पुढे सहज जातात. म्हणजे पैसे मोजून गाडी जड करायची!

यात नवल नाही. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझ्दाने ही गाडी पहिल्यांदा दाखवली, तिच्या मुळाशीच वजनाची काटकसर होती. तोशिहिको हिराई हे तिचे मुख्य अभियंता. बॉनेट अॅल्युमिनियमचं, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारी ती सांगाड्यासारखी अॅल्युमिनियमची फ्रेमसुद्धा भोकं पाडून हलकी केलेली. गाडी जॅकवर चढवलीस की खाली वाकून बघच. सगळी गाडी मिळून 1000 किलोच्या आतबाहेर. अशा लोकांनी चाकं तेवढी जड ठेवली असतील?

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः मोज. भारतवारीच्या आधी बॅग तेवीस किलोंच्या वर जाऊ नये म्हणून आपण हुकाला अडकवून तोलतो तो काटा तुझ्याकडे असणारच. टायरवाल्याने टायर उतरवला की नटाच्या भोकातून एक पट्टा ओवायचा, काटा लावायचा आणि छातीपर्यंत उचलायचं. आकडा क्षणभर नाचतो, मग गोठतो. मी माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक चाकाला हाच न्याय लावतो. कॅटलॉगमधलं वजन आणि काट्यावरचं वजन यांची सोयरीक नेहमी जुळतेच असं नाही.

मग बदलायचंच कशाला, असं म्हणशील. खरं कारण वजन नव्हे, टायर. तुझ्या गाडीचा मूळ टायर 185/60 आर 14, म्हणजे 185 मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 60 टक्के, आणि 14 इंची चाकासाठी. या मापात आता रोजच्या वापराचे साधे टायर मिळतात, पण वळणावर घट्ट धरणारे, चांगल्या रबराचे फार थोडे उरलेत. 15 इंचात मात्र भरपूर निवड आहे. आणि गंमत बघ, 195/50 आर 15 टायरचा बाहेरचा व्यास 576 मिलिमीटर येतो, तुझ्या मूळ टायरचा 578. स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे: 15 इंच व्यास, 7 इंच रुंदी. त्याच्या वर जाऊ नकोस.

आता ऑफसेट. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबवर (चाक ज्यावर बोल्टांनी बसतं तो गाडीचा भाग) टेकणारी पाठ यांतलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट, इतकंच. अधिक चिन्ह म्हणजे ती पाठ मध्यापेक्षा बाहेरच्या बाजूला. तुझ्या मूळ चाकाचा +45 आहे. त्या जागी 15 बाय 7, +35 घेतलंस तर हिशोब असा: रुंदी दीड इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना 19 मिलिमीटर. ऑफसेट 10 ने कमी झाला, म्हणजे सगळं चाक 10 मिलिमीटर बाहेर सरकलं. आतली कड सस्पेन्शनच्या दिशेने 9 मिलिमीटर जवळ येते, बाहेरची 29 मिलिमीटर बाहेर जाते. या मापात गाडी चाकांवर नीट बसल्यासारखी दिसते आणि काही घासत नाही. हेच 15 बाय 8, +25 केलंस तर बाहेरची कड जवळपास 52 मिलिमीटर बाहेर जाते. मग फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, आतली घडी दाबून घ्या, कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत झुकलेला तिरपेपणा, वाढवा, एवढं करूनही खड्ड्यात टायर कुरकुरतोच. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी करावं. तुला रविवारी डेलावेअर नदीच्या काठाकाठाने जायचंय. शिवाय चाक जितकं बाहेर, तितके रस्त्यावरचे धक्के स्टीअरिंगमध्ये जास्त येतात. या गाडीचं स्टीअरिंगच तर तिचं सोनं आहे.

ऑफसेटबरोबर आणखी दोन मापं बघ. नट-बोल्टांचं माप चार बाय शंभर, म्हणजे चार बोल्ट 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर. आणि मधलं भोक. तुझ्या गाडीच्या हबचं माप 54.1 मिलिमीटर. बाजारातली बरीच चाकं अनेक गाड्यांना बसावीत म्हणून मोठ्या भोकाची असतात, 73 ची वगैरे. मधली जागा भरायला कडं मिळतं, ते घे. मियाटा चाकांच्या बाबतीत भलती नाजूक आहे. बॅलन्सिंग थोडं जरी चुकलं तरी ताशी 60-65 मैलांवर स्टीअरिंग थरथरायला लागतं, आणि लोक उगाच बेअरिंग बदलत बसतात. बॅलन्सिंग करणाऱ्याला सांग, टायरवर भार देऊन तपासणारं मशीन असेल तरच काम देतो. माझ्या जवळच्या एका दुकानात 'साध्या मशीनवरही तेच होतं' असं ऐकवलं होतं. गाडी तशीच्या तशी थरथरत घरी आली.

आता कुठलं चाक? बनवण्याच्या ढोबळ तीन पद्धती धर. पहिलं साधं ओतीव: वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात घालून बनवलेलं. स्वस्त, आणि तेवढीच ताकद यायला जाडी जास्त लागते. दुसरं घडीव, फोर्ज्ड: धातूचा गट्टा प्रचंड दाबाखाली घडवतात, कण दाट बसतात, मग कमी धातूत काम भागतं. जपानच्या रेज कंपनीचं टीई 37 हे याचं नावाजलेलं उदाहरण. 1996 मध्ये ते आलं, आणि नावातला 37 म्हणजे 15 बाय 6 मापाच्या चाकाचं वजन, 3.7 किलो. हातात घेतलं तर खोटं वाटावं असं. पण किंमतही तशीच. तिसरी पद्धत मधली: चाक ओततात, मग त्याची कड गरम असताना फिरवत रोलरने दाबून ताणतात. कड पातळ होते आणि मजबूतही. जपानच्याच एन्केई कंपनीचं आरपीएफ 1 या पद्धतीचं. एन्केई मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाड्यांना चाकं पुरवायची, तिथला अनुभव या चाकात उतरलाय. 15 बाय 7 मापात ते साडेचार किलोंच्या घरात येतं. म्हणजे तुझ्या मूळ चाकापेक्षा एक इंच मोठं, दीड इंच रुंद, आणि तरीही जवळपास किलोभर हलकं. माझी शिफारस हीच. घडीव चाकाच्या निम्म्याहून कमी पैशांत नव्वद टक्के काम होतं.

तुझा सौंदर्याचा मुद्दा मला मान्य आहे. आरपीएफ 1 थोडं शर्यतीच्या गाडीचं वाटतं. साठच्या दशकातल्या ब्रिटिश मिनीवर मिनीलाइट नावाची मॅग्नेशियमची आठ दांड्यांची चाकं असायची, त्या घाटाची अॅल्युमिनियमची चाकं पॅनास्पोर्ट बनवते. या लाल गाडीवर ती इतकी शोभतात की किलोभर वजन मी डोळे झाकून माफ करीन. तुझ्या डेझीसुद्धा त्याच वळणाच्या आहेत. फक्त मॅग्नेशियमची खरी जुनी चाकं कुणी गळ्यात मारत असेल तर हात जोड. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मॅग्नेशियमचं मिठाशी हाडवैर आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाक. तुला कुणीतरी सांगितलंय की चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले चार किलो, काही जण तर दहावर जातात. उचलली जीभ लावली टाळ्याला. अरे, आपण दोघांनी एकाच बाकावर बसून जडत्वाचं गणित सोडवलंय. रिमची कड केंद्रापासून साधारण 19 सेंटिमीटरवर, टायर रस्त्याला टेकतो ते साधारण 29 वर. गुणोत्तर दोन तृतीयांश, त्याचा वर्ग 0.44. म्हणजे पुढे सरकण्याचा 1 आणि गरगर फिरण्याचे 0.44 धरून रिमच्या अगदी कडेचा एक किलो वेग घेताना 1.44 किलोंसारखा वागतो. टायरच्या नक्षीत असलेला एक किलो दोनाच्या जवळ जातो, आणि त्याच्या पुढे काहीच जाऊ शकत नाही. तेव्हा चार चाकांत मिळून चार किलो वाचले तर हजार किलोंच्या गाडीचा वेग तुला जाणवण्याइतका वाढणार नाही. फरक पडतो तो खराब रस्त्यावर. चाक, टायर, ब्रेक ही स्प्रिंगच्या खालची मंडळी जितकी हलकी, तितकं चाक खड्ड्यातून लवकर सावरतं आणि रस्ता सोडत नाही. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर इथले रस्ते कसे होतात ते तुला माहीतच आहे, त्या दिवसांत हे कळतं.

यातूनच पुढचा मुद्दा: टायर चाकापेक्षा केंद्रापासून लांब आहे, तेव्हा त्याचं वजन जास्त बोचतं. एकाच मापाच्या दोन टायरांत एक-दीड किलोचा फरक सहज असतो. कंपन्यांच्या तक्त्यात वजन दिलेलं असतं, ते वाच. घडीव चाकांवर हजार डॉलर जास्त घालून वर स्वस्तातले जड टायर चढवणारे मी पाहिलेत.

जुनी चाकं घेणार असशील तर आतली बाजू बघ. पुढून चकचकीत, मागून वेल्डिंगची शिवण, असं असतं. दांडा जिथे कडेला मिळतो तिथे नखाने चाचप, केसासारखी रेघ लागली तर परत दे. भट्टीत भाजायचा नवा पावडरचा रंग चढवला असेल तर किती तापमानाला भाजला ते विचार. जास्त तापवलं की अॅल्युमिनियमची उष्णता देऊन आणलेली ताकद जाते. आणि मागे जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे दोन शिक्के शोध. पहिला म्हणजे जपानच्या सरकारी मानकाप्रमाणे बनवल्याचा बनवणाऱ्याचा दावा, दुसरा म्हणजे त्रयस्थ संस्थेने तपासल्याची खूण. कुठलाच शिक्का, कुठलंच नाव नसलेलं नकली घाटाचं चाक फुकट मिळालं तरी नको.

बसवताना चाक हवेत असतानाच नट हाताने फिरव, समोरासमोरचे आळीपाळीने, आणि गाडी खाली आल्यावर टॉर्कच्या पान्याने 100 न्यूटन-मीटरच्या आसपास घट्ट कर. हवेच्या बंदुकीने कुणाला हात लावू देऊ नकोस. पन्नास-साठ मैल चालवल्यावर पुन्हा एकदा पान्याने तपास.

माप आणि बजेट कळव, इथे एकाकडे आरपीएफ 1 चा एक सेट विकायला आलाय असं कानावर आहे. मी बघून, तोलून सांगतो. वहिनींना नमस्कार, पोरांना सांग की काकाला त्या गाडीत बसायचंय, त्यांचा नंबर नंतर.

तुझा,
अव्या

ता. क. डेझी विकू नकोस. तळघरात ठेव, त्यांवर हिवाळी टायर चढवता येतील. आणि नव्या चाकांना जुने नट चालतील का, ते चाकाच्या भोकातला उतार बघून ठरव. निमुळत्या बैठकीचेच नट हवेत, गोल बैठकीचे नकोत.