रविवारी मुक्कामाला येतेय

ती. आई, ती. आबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आबांच्या झोपेचा विषय काढला की आबा फोन आईच्या हातात देतात आणि आईला गॅसवरचं दूध आठवतं. म्हणून लिहितेय. रविवारी रात्री मी गाडी घेऊन मुक्कामाला येतेय. सोमवारी सकाळी आधी सातारच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात जायचं, तिथून रेफरल घ्यायचं आणि मग पुण्याला फौजेच्या कमांड हॉस्पिटलमध्ये आबांना मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायचं. त्यानंतर निदान तीन महिने तुम्ही दोघं माझ्याकडे. रजा मंजूर झालीय, घरात सगळ्यांशी बोलणंही झालंय.

आबा, पत्र घडी करून खिशात ठेवू नका. पुढचं वाचा.

आईच्या मनगटावरचा निळा डाग मी पाहिलाय. तिनं हौदाचा काठ लागला म्हणून सांगितलं. आई, मला कळतं गं. झोपेत आबांचा हात फिरतो, अंगाला घाम सुटतो, कुणाला तरी 'खाली झोप, खाली झोप' म्हणून ओरडतात आणि सकाळी त्यांना त्यातलं काही आठवत नाही. आबा, तुम्ही जागेपणी कधी आईशी आवाज चढवून बोलला नाहीत. म्हणूनच हा दोष तुमचा नाही, आजाराचा आहे, हे मी इतक्या ठामपणे म्हणते. काश्मीरात कुपवाड्याहून आल्यापासून रात्री तीनला उठून दोन्ही दारांच्या कड्या बघायच्या, गोठ्यामागं फेरी मारायची, रस्त्याकडं तोंड करूनच जेवायला बसायचं. आम्ही पोरं त्याला आबांची गस्त म्हणायचो आणि निवांत झोपायचो. तुम्ही मात्र तेव्हापासून नीट झोपलेला नाहीत.

नोकरीत असताना दाखवलं नाहीत, ते मला समजतं. मेडिकल कॅटेगरी खाली गेली असती, बढती अडकली असती. पांडूकाकांचं काय झालं ते तुमच्यासमोरच होतं. पण शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, ठरवताना फौजसुद्धा मन तपासतेच ना, कान, हातपाय आणि डोळ्यांच्या बरोबरीनं? आता तुम्हाला कुठल्या मेडिकल बोर्डापुढं जायचंय? पेन्शनला कुणी हात लावत नाही. आणि 2017 च्या कायद्यानं मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखीच वागणूक मिळायला हवी, असा हक्कच दिलाय.

लहानपणी मी तुमच्या डाव्या पायाची बोटं मोजायचे, आठवतं? तीनच भरायची. उरलेली दोन कुठं गेली म्हणून रडायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचात, 'सियाचीनला राखणीला ठेवलीत.' मग मला मांडीवर घेऊन उरलेली बोटं पुन्हा मोजायला लावायचात. बर्फानं बोटं खाल्ली, तेव्हा तुम्हाला कुणी भित्रा म्हटलं नाही. पलटणीतल्या लोकांनी खांद्यावर घेऊन खाली आणलं, डॉक्टरांनी उपचार केले, तुम्ही करून घेतलेत. झोपसुद्धा नोकरीतच गेली, आबा. तिच्यावरही उपचार करून घ्यायचे.

आपल्या गावच्या स्मारकाच्या दगडावर पहिल्या महायुद्धात गेलेल्या 46 जणांची नोंद आहे. अपशिंग्यात प्रत्येक पिढीनं त्यांना हात जोडलेत. पण जे परत आले आणि रात्र रात्र ओसरीवर बसून राहिले, त्यांची नोंद कुठंच नाही. आजीच्या तोंडून मी त्यांच्याबद्दल ऐकलंय. त्यांच्या काळी औषध नव्हतं. आज आहे.

डॉक्टर आधी नुसतं बोलतील. सगळं पहिल्याच दिवशी सांगायची सक्ती नाही. गोळ्या दिल्या तर गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडायच्या नाहीत. कानांचीही तपासणी करून घेऊ. टीव्ही इतका मोठा लावावा लागतो आणि कानात सतत शिट्टी वाजते, ते मोर्टारवरच्या वर्षांचं देणं आहे.

तुमची खोली तळमजल्यावरच आहे. पलंग भिंतीला लावलाय, पलंगावरून दार दिसतं. आईला शेजारी वेगळी कॉट टाकलीय, ती थोडे दिवसच. ज्वारीचं पीठ आणलंय, चहा सकाळी पाचला मिळेल, गुळाचाच. फिरायला समोर मैदान आहे आणि तिथं दोन-तीन माजी सैनिक रोज येतात. म्हशीचं बापूकाका बघणार आहेत, धारेचे पैसे मी त्यांना देऊन ठेवते. आई, तुझं व्रत, तुझी तुळस, काही चुकणार नाही. आणि जावयाच्या घरी राहायचं कसं, हे मनात आणू नकोस. मी तुमची लेक आहे, घर माझंही आहे.

आता नीट ऐका. आबा, झोपेसाठी घेता ती रम झोप आणत नाही, मोडते. पण रोजची सवय आहे, तेव्हा माझ्यावर रागावून एका दिवसात बंद करू नका, त्यानं अपाय होतो. किती घेता ते डॉक्टरांना खरं सांगायचं, ते म्हणतील तशी कमी करायची. आई, तू बाटली लपवून ठेवू नकोस. रात्री त्यांना अंगाला हात लावून उठवू नकोस, लांबून नावानं हाक मार, दिवा लाव. तुझी बीपीची गोळी चुकवायची नाही. मधल्या दिवसांत फार जड गेलं तर 14416 लावा. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा आहे, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात. फौजेसाठी पुण्यात एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, त्यांचा वेगळा कक्षही डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालाय.

ईसीएचएसची दोघांची कार्डं, डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ आणि लोखंडी पेटीतली जुनी मेडिकलची कागदं एका पिशवीत काढून ठेवा. पॉलिक्लिनिकला नंबर लवकर लावावा लागतो, तेव्हा सोमवारी सातला निघायचं म्हणजे सातला.

तुमची,
चिमी