मामांनी टेम्पोच्या आड नाही, चौकात उभं राहावं

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

आमच्या चौकात सिग्नलच्या पुढे वळणावर एक टेम्पो कायम लागलेला असतो, त्याच्या आड संध्याकाळी दोन मामा (ट्रॅफिक पोलीस) ई-चलनचं मशिन घेऊन उभे असतात. सिग्नलवरून ते दिसत नाहीत, कोणी हेल्मेट न घालता आला की पटकन पुढे येऊन फोटो काढतात. हेल्मेट सक्ती असावी, दंडही व्हावा, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पण मागच्या गुरुवारी आई भाजी घेऊन झेब्रावरून येत होती, वय ७३. तिने उजवीकडे बघितलं, गाड्या थांबलेल्या, म्हणून पाऊल टाकलं आणि डावीकडून रॉंग साइडने एक स्कूटर आली, हँडल पिशवीत अडकलं, पिशवी फाटली, आई गुडघ्यावर पडली, टोमॅटो सगळे रस्त्यावर आणि स्कूटरवाला थांबला पण नाही. टेम्पोमागचे एक मामा धावत आले, त्यांनीच आईला उठवलं, पाणी दिलं, माणूस खरंच चांगला. म्हणाले, "काकू, तिथून मला इकडचं दिसतच नाही हो." तेच तर म्हणतोय मी, जे लोकांना दिसू नये म्हणून लपतात त्यांना चौकही दिसत नाही.

रॉंग साइड म्हणजे किरकोळ गोष्ट नाहीये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये उलट्या दिशेने गाडी चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरलंय, सिग्नल तोडणं आणि गाडी चालवताना हातात मोबाईल धरणंही त्यातच, पहिल्याच वेळी १ ते ५ हजार दंड किंवा कैद होऊ शकते. आणि पायी चालणारा माणूस त्या बाजूला बघतच नाही ना, कारण तिकडून गाडी येणं अपेक्षितच नसतं! चलनचा मेसेज नंतर कधीतरी मोबाईलवर येतो, तोपर्यंत पडायचा तो पडलेला असतो.

गणपतीच्या दिवसांत याच चौकात एक मॅडम डिव्हायडर जिथे तुटलाय बरोब्बर तिथेच उभ्या असायच्या, शिट्टी तोंडात, हात वर. पुढच्या पेट्रोल पंपावरून उलटं यायची कोणाची हिंमत झाली नाही, लोक गुपचूप पुढे जाऊन यू-टर्न घेऊन यायचे, एकही पावती न फाडता. विसर्जन झालं, त्या गेल्या, दुसऱ्या दिवसापासून परत तेच.

रात्रीच्या गस्तीचंही थोडं असंच आहे, पोलिसांचे बीट मार्शल बाईकवरून येतात आणि न थांबता पुढे निघून जातात, दहा मिनिटं गाडी लावून गल्लीत चालत फिरले तर नाक्यावरच्या टपरीवाल्याशी, वॉचमनशी बोलणं तरी होईल.

माझी विनंती एवढीच आहे की संध्याकाळी ६ ते ९ त्या दोघांपैकी एका मामांना तुटलेल्या डिव्हायडरपाशी उभं करा. आणि महापालिकेने ती फट बुजवावी. आई अजून लंगडतीये, भाजीला आता मीच जातो.

– एक पुणेकर