भुऱ्या कुत्र्यानं कोय गिळली त्यावरून

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

भुऱ्याचा फोटो काल रात्री मिळाला. पोटावरचे टाके तुझ्या आईनं दोनदा मोजले. गळ्यात तो प्लास्टिकचा भोंगा अडकवलेला, पण डोळे तेच, कोठ्यात कुटारावर लोळायचा तेव्हाचे. आईनं देवापुढं दिवा लावला. मी काही न बोलता वावरात निघून गेलो.

फोनवर मी तुला जे बोललो, त्यासाठी हे पत्र लिहितो आहे. तू तीन रात्रींची जागी, दवाखान्याच्या बाकावरून बोलत होतीस, आणि मी एकच धरून बसलो, "काऊन सांगतलं नाही?" ते आता पुन्हा विचारायचं नाही असं ठरवूनच कागद घेतला आहे.

आंबे मीच पाठवले होते. धुऱ्यावरच्या खोबऱ्या झाडाचे. त्याची कोय लहान. तू ती चोखून चोखून पांढरी करायचीस आणि आबाजी म्हणायचे, आता ही पोट्टी कोयही खाते. पेटी कंडक्टरजवळ देताना मला तुझा डबा, तुझी भाड्याची खोली, सगळं आठवलं. घरात कुत्रं आहे हे मात्र ध्यानात आलं नाही. आंब्याचा वास आला की कुत्रं थांबत नाही. आणि कोय अशी, की ओली असली म्हणजे घशातून सरकन उतरते आणि आतड्यात जाऊन आडवी बसते. पचत तर नाहीच.

पण तू ज्या रीतीनं ओळखलंस ते मी इथं चार जणांना सांगितलं. पाच आंबे खाल्ले आणि टोपलीत कोया चारच, हे मोजायचं कोणाला सुचतं? शेजारणीनं मिठाचं पाणी पाजायला सांगितलं तर तू पाजलं नाहीस. तालुक्याच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पोरीनं बरोबर केलं. त्या पाण्यानं उलटी झाली नाही तर मीठ रक्तात चढतं, मग कुत्रं झटके देऊन मरतं, कोय राहते बाजूला. उलटी करवायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. टोकदार वस्तू असेल, घड्याळातली सेल असेल, तर नाहीच. सेल खाली जाताना एकदा जाळते, वर येताना पुन्हा.

तुझ्याकडे शिलाई मशीन आहे म्हणून लिहितो. सुईदोरा उघडा ठेवू नकोस. जनावराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, कात्रीनं आखूड करून सरळ दवाखाना गाठायचा. दोऱ्याचं एक टोक आत अडकलेलं असतं आणि ओढलं की आतडं चिरतं. गिळलेल्या वस्तूसारखी दुसरी असेल तर सोबत न्यायची. भूल द्यावी लागेल म्हणून आधी खाऊ घालायचं नाही. लोखंड, हाड एक्स-रेत दिसतं. कोय, कापड, प्लास्टिक धड दिसत नाही, सोनोग्राफी लागते. हे सगळं तू आता माझ्यापेक्षा जास्त शिकून बसली आहेस. तरी मी सांगतो आहे. माफ कर.

तुला दोष नाही. रविवारी भुऱ्या खेळत होता. सोमवारी पहिल्या दवाखान्यात "पडून जाईल, दोन दिवस पाहा" म्हणाले, आणि कधीकधी पडतंही. तू मानलंस. मंगळवारी रात्री पाणीही पोटात राहीना, तेव्हा कुठं तू त्याला दुसरीकडे नेलंस. बुधवारी पोट उघडलं. आतडं लाल झालं होतं, काळं पडलं नव्हतं म्हणून कापावं लागलं नाही, हे तूच सांगितलंस. आणि आम्हाला बुधवारी संध्याकाळी कळलं. रविवार ते बुधवार.

बघ, पुन्हा तिथंच आलो.

सर्ज्या बैल तुला आठवणार नाही, तू चार वर्षांची होतीस. १९९९ चा पोळा होऊन महिना झाला होता. मी कुंपणाची तार जोडली होती, तुकडे तिथंच पडले आणि कुटारात गेले. बैल ओठानं निवडून खात नाही, न चावता आधी गिळतो. लोखंड जड, ते जाळीच्या पोटात जाऊन बसतं, आणि त्या पोटाच्या पुढंच काळीज असतं, मध्ये एक पडदा. पोट हललं की तार पुढं सरकते. मला यातलं तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मला इतकंच दिसत होतं, की सर्ज्या पुढचे पाय फाकवून उभा राहतो, कण्हतो, नाल्याचा उतार उतरायला मागत नाही. मी म्हटलं, उद्या पाहू. मळणीची घाई होती. गळ्याखालच्या पोळीला सूज आली तेव्हा डॉक्टर आणला. मेल्यावर त्यांनी चिरून दाखवलं, बोटाएवढी तार. तार माझीच होती.

त्या साली बिनबैलाचं राहिलो, ते जाऊ दे. आता गाय जरा मान टाकून उभी राहिली की मी १९६२ नंबरला फोन लावतो, फिरता दवाखाना कोठ्यापर्यंत येतो. गिळलेलं लोखंड धरून ठेवायला दोन्ही गायींच्या पोटात चुंबकही घालून घेतलं आहे. आई म्हणते तुम्हाला वेड लागलं. लागू दे.

भुऱ्यासाठी तू एकटी रात्रभर बसलीस याचा मला अभिमान आहे. पण खरं सांगू का, मला भुऱ्याची धास्ती नव्हती. मला वाटलं, उद्या हिच्याच पोटात दुखलं, हिलाच ताप आला, तरी ही अशीच तीन दिवस कोणाला न सांगता बसेल. "बाबाला कशाला त्रास, पेरणीचे दिवस आहेत." हे तू माझ्याकडूनच शिकलीस. घाटंजीहून यवतमाळ, तिथून नागपूर. मी दुपारपर्यंत पोचलो असतो. काही करता आलं नसतं, बाकावर तुझ्याजवळ बसलो असतो.

बिलाचे पैसे किती झाले ते आईला सांग, मला नाही सांगायचं तर. कापसाचे थोडे शिल्लक आहेत. त्याला पातळ भात थोडा थोडा दे, टाके चाटू देऊ नकोस, भोंगा काढायची दया येईल, काढू नकोस.

खोबऱ्याला अजून आंबे आहेत. आई म्हणते आता रस काढूनच पाठवायचा, कोया इथंच धुऱ्यावर पुरू. डबा एसटीनं पाठवणार होतो, पण टाके काढायचा दिवस कोणता तेवढं कळव. मीच घेऊन येतो.

तुझा,
बाबा