फायबर चढवायच्या आधी हे वाच

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली कामांची यादी दोनदा वाचली. बहुतेक कामांना माझी ना नाही, काही तर मीच सुचवणार होते. पण यादीतलं पहिलंच काम, ‘तळाला बाहेरून फायबरग्लास चढवून गळतीचा कायमचा निकाल लावणे’, माझ्या काही गळी उतरत नाही. फोनवर हा विषय निघाला की आपल्या दोघींचेही आवाज चढतात, म्हणून सविस्तर लिहिते. शांतपणे वाच आणि मग काय ते ठरव. होडी तुझी आहे.

तुझ्या होडीच्या फळ्या एकमेकींवर चढवलेल्या नाहीत, कडेला कड लावून बसवलेल्या आहेत. मधल्या फटीत कापूस ठासलेला आणि वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. पाण्यात उतरली की फळ्या पाणी पितात, पावसाळ्यात दरवाजा चौकटीत अडकतो तशा फुगतात आणि कापसाला दाबून धरतात. होडी गळत नाही ती या दाबामुळे. म्हणजे या बांधणीत लाकूड हलणार, फुगणार, आकसणार हे गृहीतच धरलेलं आहे. त्यावर न हलणारं कवच चढवलंस तर फळ्या आतून आपलं काम करतच राहणार आणि कवच कुठल्या तरी फटीवर, अगदी केसाएवढं का होईना, फाटणार. त्यातून शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट नाही, आणि ते तुला दिसणारही नाही. आज गळती कुठे आहे ते निदान कळतं तरी. तेव्हा पाणी एका जागी शिरेल, कवचाच्या आतून वाट काढेल आणि भलत्याच ठिकाणी टपकेल. शिवाय तुझी होडी सागवानी, आणि सागवान तेलकट. फायबर चिकटवायचं पॉलिएस्टर रेझिन त्याला नीट धरतच नाही. इपॉक्सी हे दुसरं रेझिन धरतं, पण लाकूड कोरडं हवं, आणि तुझ्या होडीच्या खालच्या फळ्यांनी कित्येक वर्षं पाणी प्यायलंय. त्या आतपर्यंत सुकवायला किती महिने लागतील याचा विचार केलायस का?

पातळ पट्ट्या इपॉक्सीनं एकमेकींना चिकटवून बांधलेली होडी असती तर मी एक शब्द बोलले नसते. तिचं सगळं लाकूड मिळून एकच टरफल होतं, ते हलत नाही, त्यावर कवच शोभतं. तुझी त्या जातीची नाही.

आता ‘सुहैली’ या होडीचं घे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला इंग्लंडातल्या फालमथहून एकटा निघाला आणि कुठंही न थांबता जगाला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ ला तिथंच परतला. ३१२ दिवस. असं करणारा तो पहिला माणूस. सगळ्यांना एवढं ठाऊक असतं. त्याची ती बत्तीस फुटी होडी मुंबईत बांधलेली, सागवानी, हेही आपल्याकडे अभिमानानं सांगतात. मला त्या सफरीतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. निघून फार दिवस झाले नव्हते, केप व्हर्द बेटांच्या खाली अटलांटिकमध्येच होडीत पाणी वाढायला लागलं. त्यानं बुडी मारून पाहिलं तर कीलच्या, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्याच्या, वर दोन्ही अंगांना फट उघडत होती. पाण्याखाली दम रोखून कापूस ठासायचा प्रयत्न केला, तो टिकेना. मग वर येऊन कॅनव्हासची लांब पट्टी कापली, तिच्यावर कापूस शिवला, डांबर चोपडलं आणि पुन्हा खाली जाऊन ती पट्टी तांब्याच्या चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, फटीवर ठोकली. वरून तांब्याचा पत्रा. मधे एक शार्क घुटमळायला लागला, त्याला गोळी घालावी लागली. मग तेच दुसऱ्या बाजूला. आणि त्यानंतर दक्षिण महासागर!

त्या तळावर फायबर असतं तर काय केलं असतं त्यानं? चूक ठोकायला लाकूड लागतं, लेकी.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की ही होडी तुला समुद्रात, तुझ्या दोन हातांनी आणि जवळ असलेल्या सामानानं दुरुस्त करता आली पाहिजे. यादीतल्या प्रत्येक कामाला हाच प्रश्न विचार. जे धक्क्यावर छान दिसतं पण मोडल्यावर फक्त कारखान्यातच जोडता येतं, ते लांबच्या पल्ल्याला कुचकामी. तुझ्या बाबांना हे पटत नाही. त्यांना विजेवर चालणारी विंच हवी असते. असो.

गळतीकडे वळू. कापूस काढून नवा भरायचा असेल तर सगळा एकदम उपसून काढू नकोस. जिथं लांबी तडकलीय, ओल दिसतेय, तेवढाच काढ. फट साफ झाली की लाकडाच्या कडांना आधी रंगाचा हात दे, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि लांबी भुसभुशीत होते. मग कापूस. छोटे छोटे वेढे करत फटीत सारायचा, बोथट छिन्नी आणि मोगरीनं, म्हणजे लाकडी हातोड्यानं, ठासायचा. नीट बसला की मोगरीचा आवाज बदलतो, बद्द वाजणारा ठोका टणक होतो. तो बदलला की हात आवर. नवशिक्याला वाटतं जितका जास्त तितका बरा. पण फळ्या फुगल्यावर जास्तीच्या कापसाला जागा उरत नाही, मग त्या आतल्या फासळ्यांवरून उचलल्या जातात, खिळे ताणतात. पाण्याखालच्या फटीत लांबी काठोकाठ भरायची नाही, किंचित खोल ठेवायची, कारण फळ्या फुगल्या की ती बाहेर येणारच.

होडी पाण्यात सोडलीस की पहिल्या रात्री गळेल. बऱ्यापैकी गळेल. पंप चालू ठेव, क्रेनचे पट्टे खालीच राहू देत आणि घाबरू नकोस.

लाकूड सडतं ते बहुधा पावसाच्या पाण्यानं, समुद्राच्या नाही. खारं पाणी बुरशीला मानवत नाही. पूर्वीचे जहाजबांधणीवाले फासळ्यांच्या मधल्या जागेत खडेमीठ भरून ठेवायचे ते याचसाठी. म्हणून तळाच्या गळतीपायी तुझी झोप उडालीय, पण मला डेकची काळजी आहे. डोलकाठी डेकमधून खाली उतरते ती जागा, खिडक्यांच्या खालच्या कडा, डेक आणि बाजूची फळी मिळतात तो सांधा, आणि मागच्या टोकाचे कोपरे, जिथं हवा खेळत नाही. तिथं मोच्याकडे असते तशी टोकदार आरी घेऊन बस. चांगल्या लाकडात ती जेमतेम शिरते आणि काढताना अडते. सडक्यात मुकाट्यानं मुठीपर्यंत जाते. रंग वरून अगदी गुळगुळीत असतो, त्यावर जाऊ नकोस. जिथं सड सापडेल तिथं फळी पुरेशी लांब काप आणि नवा तुकडा तिरप्या सांध्यानं जोड. सांध्याची लांबी फळीच्या जाडीच्या निदान आठपट हवी, डोलकाठीला बारापट. सडक्या जागेत रेझिन ओतून वरून रंग मारणारे लोक तुला भेटतील. त्यांना चहा पाज आणि निरोप दे.

धातूंबद्दल तू यादीत अक्षरही लिहिलेलं नाहीस. कील धरून ठेवणारे निदान एक-दोन कीलबोल्ट उपसून बघ. बाहेरून दिसणारं डोकं ठणठणीत आणि लाकूड-लोखंडाच्या सांध्यापाशी गंजून निम्मा झालेला बोल्ट, हे फार वेळा दिसतं. फळ्यांचे काही स्क्रूही काढून पाहा. ब्राँझच्या शेजारी आधीच्या मालकानं लोखंडी स्क्रू मारला असेल, तर खाऱ्या पाण्यात त्या दोघांची बॅटरी तयार होते आणि लोखंड संपतं. आणि यावर उपाय म्हणून जस्ताचे गोळे जिथं तिथं लावत सुटू नकोस. जस्त जास्त झालं तर ज्या धातूला वाचवायचं त्याच्याभोवती अल्कली तयार होते आणि ती लाकडाला खाते. तुझ्या सिंकखालच्या ब्राँझच्या झडपेमागे टॉर्च धरून बघ. लाकडावर पांढरा क्षार आणि नखानं उकरलं तर निघणारे केसाळ धागे दिसले तर समज, हाच प्रकार. धातू नवाकोरा, आणि तो ज्यात बसलाय त्या लाकडाचा भुगा. माझ्या मते, लाकडी होडीत एकटी असलेली ब्राँझची झडप एकटीच राहू द्यावी, तारांनी बाकीच्या धातूंशी जोडू नये.

समुद्रात गेल्यावर वही ठेव. पंपाचे किती दट्टे मारले की तळ कोरडा होतो, दर पहाऱ्याला लिही. आकडा मोठा असला तरी चालेल, जुन्या होडीचा असतोच. तो अचानक बदलला तर उठ. आणि पाणी वाढलं की फळ्या उचकटायच्या आधी थेंबभर जिभेवर घे. गोडं लागलं तर तुझी टाकी फुटलीय, होडी नाही. खारं लागलं तर आधी पंपाची नळी उलटी वाहतेय का, सिंकची झडप, इंजिनाच्या पंख्याचा दांडा बाहेर निघतो त्या जागेची पॅकिंग, हे बघ, मग फळ्या. वारा एका अंगानं असतानाच गळत असेल तर शिडाच्या ताणानं त्या बाजूची फट उघडतेय. वळण घे किंवा शीड कमी कर. गळती निम्म्यावर येते, आणि तेवढ्यात तुला डोकं चालवायला वेळ मिळतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला जाताना, म्हणजे सुमारे २,७०० सागरी मैल, व्यापारी वारे आठवडेच्या आठवडे मागून, पण एकाच अंगानं येतात. होडी एकीकडे कललेली, वरची बाजू सतत उन्हात. त्या फळ्या सुकतात, फटी उघडतात. तुला पत्ता लागत नाही, कारण त्या पाण्याच्या वर असतात. मग एके दिवशी वारा फिरतो, ती बाजू पाण्यात जाते आणि पाणी आत यायला लागतं. म्हणून वरच्या बाजूवर आणि डेकवर सकाळ-संध्याकाळ समुद्राच्या पाण्याच्या बादल्या ओतायच्या. गोड्या पाण्यानं डेक धुवायचं नाही, कितीही चकचकीत दिसलं तरी.

त्याच पल्ल्यात तुझा खरा शत्रू घासण. वादळाची तू जेवढी भीती घेतलीयस त्याच्या चौथा हिस्सा घासणीची घेतलीस तरी पुरे. वारा मागून, होडी रात्रंदिवस डुलते, दोर एकाच पुलीवर एकाच जागी घासत राहतो. रोज सकाळी शीड चढवायचा दोर चार बोटं सरकव, म्हणजे घासणारी जागा बदलते. डोलकाठीच्या तारांना शीड लागतं तिथं जुन्या दोरांचे धागे गुंफून केलेले झुबके बांध. शिडांचं कापड टिकतं, शिवण आधी जाते, उन्हानं धागा कुजतो. बोटानं चाचपून बघत जा, टाका तुटायला लागला की दाभण आणि तळव्याचं चामडं घेऊन लगेच बस. हातभर उसवलेलं संध्याकाळपर्यंत शीडभर होतं.

तळाचा रंग कुठं खरवडला तर तो तसाच सोडायचा नाही. उबदार समुद्रात लाकूड पोखरणारी जी कीड म्हणतात ती कीड नव्हेच, शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत जातो आणि आत मोठा होतो. बाहेरून ते भोक जन्मात दिसत नाही. कीलखाली या प्राण्याला बळी द्यायची वेगळी फळी आहे ना, ती दर वेळी होडी बाहेर काढली की तपास. त्या फळीपलीकडे तो जाऊ नये म्हणून मधे डांबर लावलेला थर असतो, तो अखंड हवा.

आणि ‘सगळं पुरं झाल्यावरच निघेन’ असं लिहिलंयस. तशी होडी मी अजून पाहिलेली नाही. जोशुआ स्लोकमला ‘स्प्रे’ ही त्याची होडी शेतात पडलेला सांगाडा म्हणून मिळाली होती. तेरा महिन्यांचे कष्ट आणि ५५३ डॉलर ६२ सेंटचं सामान. कील नवी, फासळ्या नव्या, फळ्या नव्या. हा कापूस फटीतून बाहेर सरपटत येईल असं बघणाऱ्यांनी भाकीतही केलं. २४ एप्रिल १८९५ ला बॉस्टनहून निघाला, जून १८९८ मध्ये परतला, ४६,००० मैल करून. एकट्यानं जग फिरणारा पहिला. वाटेत तोही दुरुस्त करतच होता. जिब्राल्टरला थांबला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शीडं शिवली.

तेव्हा डेक, कीलबोल्ट, झडपा आणि डोलकाठीच्या तारा, एवढं आधी कर. सामानात तांब्याच्या चुका, ब्राँझचे स्क्रू, कापूस, कॅनव्हास, शिशाचा पत्रा, पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी लांबी आणि एक लांब, सरळ, वाळलेली फळी असू दे. फळी कुठं ठेवू म्हणून विचारशील. तुझ्या झोपायच्या बंकखाली. बाकी वॉर्निश, पितळेचे दिवे वगैरे वाटेत होईल.

कीलला लागून असलेल्या पहिल्या फळीला हात घालायचा असेल तर क्रेनचे पैसे घालवू नकोस. मोठ्या उधाणाला होडी धक्क्याच्या भिंतीला टेकवून ठेवू, ओहोटीत ती कोरडी उभी राहील आणि पुढची भरती यायच्या आत एक बाजू उरकेल. पुढच्या पौर्णिमेचं उधाण धरलंस तर मी येते. माझ्या छिन्न्या आणि मोगरी बरोबर आणते, कापूस तू घेऊन ठेव. आणि फायबरवाल्याला आगाऊ रक्कम दिली नसशील तर देऊ नकोस.

तुझी,
आई