रात्रीचा दिवा

प्रिय सुधाकर,

रागावू नकोस. फोनवर हे बोलायला गेलो की तू विषय बदलतोस, म्हणून पत्र.

परवा दोन रात्री तू आमच्याकडे होतास तेव्हा माझी झोप सावधच होती. बाथरूमचा दिवा पहिल्या रात्री चारदा लागला, दुसऱ्या रात्री पाचदा. दर वेळी तू आत गेलास की बराच वेळ काहीच आवाज नाही, मग नळ सोडल्याचा आवाज. पाण्याच्या आवाजानं लघवी सुटावी म्हणून नळ सोडायचा, ती युक्ती मलाही ठाऊक आहे, रे. सकाळी विचारलं तर म्हणालास, "वय झालं, चालायचंच." तीन वर्षं मीही हेच म्हणत होतो.

गेल्या वर्षी मला दवाखान्यात नेलं ते पोटदुखीसाठी नव्हे. लघवी तुंबली होती. सर्दी झाली म्हणून दुकानातून गोळ्या आणून दोन दिवस घेतल्या. नाक मोकळं करणारी काही औषधं मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळतात. प्रोस्टेट ग्रंथी आधीच वाढलेली असली की तेवढं निमित्त पुरतं. रात्री अकरापासून पहाटेपर्यंत येरझारा घातल्या. बेंबीखाली पोट टम्म, आणि थेंब येईल तर शपथ! शेवटी नळी घातली तेव्हा जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. पुढचे दहा दिवस मांडीला पिशवी बांधून, वर ढगळ पायजमा घालून हिंडलो आणि सगळ्यांना, तुलासुद्धा, पोटाचं सांगितलं. गुडघे आणि साखर यांवर आपण तासन्तास बोलतो, मग याचीच कसली लाज, कोण जाणे.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. वयाबरोबर ती वाढते. पन्नाशीत साधारण निम्म्या पुरुषांत, ऐंशीनंतर बहुतेकांत. ती नळीला दाबते, मूत्राशय जोर लावून थकतं, पुरतं रिकामं होत नाही आणि तासाभरात पुन्हा लागते. फार दिवस दुर्लक्ष केलं तर ताण किडनीपर्यंत पोचतो. पण ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिच्यातून कॅन्सर होतही नाही.

कॅन्सर बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून दूर सुरू होतो, म्हणून सुरुवातीला काही जाणवतच नाही. तुझ्या थोरल्या भाऊंना लघवीचा त्रास कुठे होता? पाठ दुखते म्हणून वर्षभर चोळून घेत राहिले, आणि कळलं तोवर तो हाडात गेला होता. सख्ख्या भावाला असला की आपल्याला धोका साधारण दुप्पट. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

पीएसए ही प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनासाठीची रक्ताची साधी तपासणी, कॅन्सरचा संशय आहे का ते बघायला करतात. आकडा वाढला म्हणजे निकाल लागला असं मात्र नाही. माझा नळी घातल्यानंतर ७ च्या वर गेला होता. दोन रात्री मी मनातल्या मनात मृत्युपत्र लिहिलं. डॉक्टर म्हणाले, नळीमुळे वाढतोच, सहा आठवड्यांनी पुन्हा करू. दुसऱ्यांदा ३.१ आला. जंतुसंसर्गानं वाढतो, सायकल चालवूनही वाढू शकतो, तेव्हा तपासणीआधी दोन दिवस तुझी सायकल भिंतीला टेकवून ठेव. सत्तरीनंतर ही तपासणी सरसकट करू नये असंही बरेच तज्ज्ञ म्हणतात, कारण पुष्कळ कॅन्सर इतके सावकाश वाढतात की नुसती नजर ठेवून भागतं. पण तू सदुसष्ट वर्षांचा, त्यात भाऊंचं हे असं. करायची की नाही ते युरॉलॉजिस्टशी, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांशी, बसून ठरव, नुसतं टाळू नकोस.

गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपतात त्या तपासणीला तू घाबरतोस हे मला पक्कं माहीत आहे. एखादं मिनिट लागतं. मी छताकडे बघत पंख्याची पाती मोजली. तीनच असतात, तरी दोनदा मोजली.

मला टॅमसुलोसिन नावाची गोळी दिली. आठवड्याभरात धार सुधारली. फक्त अंथरुणातून झटकन उठलं की गरगरतं. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरतंय ना? मग ते आधीच सांग. या गोळीनं डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो, डोळ्याच्या डॉक्टरांना ते माहीत असायला हवं.

आता एक काम कर. मापाचा जुना मग घे आणि तीन दिवस वहीत लिही: किती वाजता, किती मिली, काय प्यायलास. माझ्या वहीत पहिल्या रात्री १.१० ला ९० मिली, २.४० ला ७०, ४ ला पुन्हा ८० असं होतं. डॉक्टरांनी माझ्या बोलण्यापेक्षा ते पान जास्त वेळ वाचलं. सोमवारी फोन करतो, आकडे तयार ठेव. बरोबर मी येईन, बाहेर बसेन.

तुझा,
विनायक

ता. क. लघवीत रक्त दिसलं किंवा थेंबही येईनासा झाला, तर वहीबिही राहू दे. त्याच घटकेला दवाखाना गाठ आणि मला वाटेत फोन कर, कितीही वाजले असले तरी.