स्टँडबाय म्हणजे बॅकअप नव्हे

संपादक महोदय,

एखादी ऑनलाइन सेवा कोलमडली की 'आमचा स्टँडबाय सर्व्हर आहे, डेटा सुरक्षित आहे' असा खुलासा छापून येतो. मी २२ वर्षे डेटाबेस सांभाळतो आहे. या खुलाशाने वाचकांची नि संस्थाचालकांचीही फसगत होते, म्हणून हे पत्र.

प्रायमरीवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर, जे घडते ते स्टँडबाय हा राखीव सर्व्हर उतरवून घेतो. डिस्क जळाली, यंत्र बसले तर तोच तारतो. पण माणसाची चूकही तो तितक्याच तत्परतेने उतरवतो. माझ्या एका जुन्या नोकरीत सहकाऱ्याकडून अट न घालता डिलीट चालवले गेले. त्याच्या लक्षात येऊन तो खुर्चीतून उठेपर्यंत स्टँडबायवरचे टेबलही रिकामे झाले होते.

मग बॅकअपकडे धावलो. प्रायमरीवर ताण नको म्हणून तो दर रविवारी आम्ही स्टँडबायवरून घेत असू. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत ते बिनदिक्कत चालते. पण शेवटच्या रविवारचा बॅकअप जागा संपल्याने अर्ध्यावरच थांबला होता आणि कोणी पाहिलेच नव्हते. हाती राहिला त्याआधीचा, दहा दिवसांपूर्वीचा. त्यावर वॉल फाइली, म्हणजे डेटाबेसमधला प्रत्येक बदल क्रमाने टिपणाऱ्या फाइली, ओळीने चढवत चुकीच्या आदल्या क्षणापर्यंत यायचे होते. इकडे सात दिवसांहून जुन्या वॉल फाइली पुसणारी स्क्रिप्ट मात्र नेमाने चालत होती. रात्री दोन वाजता लॉगमध्ये एकच तक्रार पुन:पुन्हा उमटत राहिली: फाइल सापडत नाही. एकेक फाइल अवघी १६ एमबीची. पुढच्या शेकडो शाबूत होत्या, पण सुरुवातीच्याच गेल्यावर त्यांचा काही उपयोग नव्हता. छापील अहवालांवरून त्या नोंदी हाताने भरायला आम्हाला अकरा दिवस लागले.

हे मोठ्यांकडेही घडते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या ऑनलाइन सेवेत मागे पडलेला स्टँडबाय पुन्हा उभारताना अभियंत्याने डेटाची डिरेक्टरी पुसली, ती प्रायमरीवरची निघाली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण बॅकअपचे साधन ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ चा, अपयश कळवणाऱ्या ईमेलही वाटेतच नाकारल्या जात होत्या. सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची प्रत) होता म्हणून निभावले. त्यांनी हे सगळे उघडपणे मांडले, याचा मला फार आदर वाटतो.

माझी मागणी साधी आहे. 'बॅकअप यशस्वी' या हिरव्या खुणेवर कोणी विसंबू नये. महिन्यातून एकदा तो प्रायमरी-स्टँडबाय सोडून तिसऱ्याच यंत्रावर रिस्टोअर करावा, म्हणजे त्यातून डेटाबेस पुन्हा उभा करून पाहावा, टेबलांतल्या नोंदी मोजाव्यात आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. जमल्यास एक स्टँडबाय मुद्दाम काही तास मागे ठेवावा. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ९.४ आवृत्तीपासून आहे, पण ती वापरणारे मला क्वचितच भेटले.

आमच्या सध्याच्या विभागात हे सुरू केले, तेव्हा रिस्टोअरला तासभर पुरेल असे सगळे धरून चालले होते. पहिल्या खेपेला सहा तास दहा मिनिटे लागली.

– एक डेटाबेस प्रशासक