डिटेक्टरला टोपी, रहिवाशांनाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकातला स्मोक डिटेक्टरवरचा, म्हणजे धूर हुंगून वर्दी देणाऱ्या छतावरच्या यंत्रावरचा, लेख वाचला. आधी चहाबरोबर वाचला, मग चहा गार झाल्यावर पुन्हा वाचला. दोन्ही वेळा तात्पर्य तेच निघाले: यंत्रे आहेत, कायदा आहे, फक्त नागरिक बेफिकीर आहेत.

पहिली गोष्ट, लेखाबरोबर छापलेले छायाचित्र स्मोक डिटेक्टरचे नाही, स्प्रिंकलरचे आहे. मधोमध लाल द्रवाची जी इवलीशी काचेची कुपी दिसते, ती साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि मग पाणी सुटते. छतापाशी ६८ अंश होईपर्यंत खाली झोपलेला माणूस धुराने गुदमरून गेलेला असू शकतो. डिटेक्टरने त्याच्या कितीतरी आधी बोंब मारावी म्हणून तर तो बसवायचा. वाचकांना अडाणी ठरवणाऱ्या लेखात निदान फोटो तरी बरोबर हवा होता. असो.

त्या बेफिकीर नागरिकांपैकी मी एक. ठाण्यात चौदा मजली इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री अडीचच्या सुमारास सौ.ने मला हलवून उठवले, म्हणाली, रबर जळल्यासारखा वास येतोय. मी नेहमीप्रमाणे 'बाहेरून येत असेल' म्हणून कूस बदलली. तिने दार उघडले तर पॅसेजमध्ये समोरच्यांची नावाची पाटी दिसेना. तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये केबलचा जोड जळला होता आणि धूर इलेक्ट्रिक डक्टमधून, म्हणजे केबली वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतून, धुराड्यातून चढावा तसा वर चढत होता. घरोघरी बेल वाजवत, दारे बडवत आम्ही लोकांना जिन्याने खाली आणले. अग्निशमन दलाची गाडी वेळेत आली आणि कोणाला इजा झाली नाही. पण एवढ्या सगळ्या गोंधळात इमारतीतला एकही हूटर, म्हणजे धोक्याचा भोंगा, वाजला नाही. त्या रात्री आमच्याकडे चालू स्थितीतला डिटेक्टर एकच होता, सौ.चे नाक. ते चौसष्ट वर्षे जुने आहे आणि त्याला एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, नाही.

सकाळी मी वॉचमनकडून शिडी घेतली. निवृत्तीपर्यंत मी टेलिफोन खात्यात होतो, वायर बघितली की हात शिवशिवतात. सातव्या मजल्यावरच्या डिटेक्टरवर प्लॅस्टिकची टोपी होती. कारखान्यातून माल येतो तेव्हा धूळ जाऊ नये म्हणून ही टोपी लावलेली असते. बांधकाम, पुट्टी, रंग संपला की ती काढायची असते. आमची काढलीच नव्हती! सहाव्यावर तेच, आठव्यावर तेच. चौदापैकी अकरा मजल्यांवर टोप्या, आणि डक्टमधल्या डिटेक्टरवरच्या टोपीला तर रंगाऱ्याने भिंतीबरोबर डिस्टेंपरही मारलेला. इमारतीचा ताबा मिळाला २०१४ साली. तेव्हापासून टोपी डिटेक्टरला आणि आम्हालाही.

कोणी म्हणेल, मग पॅनलवर, म्हणजे सगळे डिटेक्टर जोडलेल्या नियंत्रण पेटीवर, कळले कसे नाही? कळणारच नाही. टोपीखालीसुद्धा डिटेक्टरला वीज मिळत असते, वायर कुठे तुटलेली नसते, त्यामुळे पॅनलवर हिरवा दिवा. श्वास कोंडला आहे हे पॅनलला कोण सांगणार?

लॉबीतला किस्सा याहून सरस. तिथल्या डिटेक्टरची टोपी कोणीतरी सुबुद्धीने काढली होती. तो खरोखर चालायचा, आणि तेच त्याच्या मुळावर आले. गणपतीत आरतीच्या वेळी धूप आणि कापूर त्याच्याखालीच पेटवला. त्याने नेमून दिलेले काम केले, हूटर वाजला, पाहुण्यांसमोर शोभा झाली. कमिटीने इलेक्ट्रिशियन बोलावून तो उतरवलाच. आरतीच्या दोन तासांपुरता तेवढा झोन, म्हणजे पॅनलवरचा तेवढा विभाग, बंद ठेवून, वॉचमनला लक्ष ठेवायला बसवून पुन्हा चालू करता आला असता, पण एवढे कोण करणार! बरे, आमच्याकडच्या पद्धतीत डिटेक्टर बेसमधून, म्हणजे छतावरच्या बैठकीतून, काढला की वायरची साखळी (लूप) तुटते आणि पॅनलवर बिघाडाचा पिवळा दिवा (फॉल्ट) येतो. तो येऊ नये म्हणून त्या कलाकाराने बेसच्या टर्मिनलना वायरचा तुकडा जोडून दिला. पॅनल पुन्हा हिरवेगार. छतावर रिकामी बशी आणि तिच्यात दोन इंच तांबे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आमच्या हाताखालच्या पोराने असे केले असते तर साहेबांनी त्याला त्याच दिवशी मेमो दिला असता.

पॅनलच्या बॅटऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवले की रक्तदाब वाढतो. बारा-बारा व्होल्टच्या दोन, दोन्ही फुगून पॅनलच्या पेटीत घट्ट रुतलेल्या. म्हणजे आगीत इमारतीची वीज गेली की, आणि ती जातेच, पॅनलही गेले. आम्ही एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांना लेकरासारखे जपायचो.

आता कायद्याचे. लेखात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याचे कौतुक आहे. त्यानुसार मालकाने किंवा सोसायटीने दर जानेवारीत आणि जुलैत लायसन्स्ड एजन्सीकडून 'फॉर्म बी' घेऊन अग्निशमन दलाकडे द्यायचा असतो, यंत्रणा सुस्थितीत आहे असा. आमचा जुलैचा फॉर्म बी वेळेवर गेला होता, सही-शिक्क्यासह. त्यानंतर महिन्याभरात आग लागली. टोप्या, तांबे आणि फुगलेल्या बॅटऱ्या यांसह आम्ही कागदोपत्री उत्तम स्थितीत होतो.

एजन्सीचा माणूस कसे तपासतो हे मी नंतर मुद्दाम सोबत फिरून पाहिले. फायर एक्स्टिंग्विशरच्या टॅगवर नवी तारीख लिहिली, पॅनलचा फोटो काढला, सेक्रेटरींकडे चहा घेतला. मी म्हटले, डिटेक्टरला धूर दाखवा. त्याने खिशातून लोहचुंबक काढले. चुंबक लावले की दिवा लागतो, हे खरे. पण त्यातून आतले सर्किट जिवंत आहे एवढेच कळते. डिटेक्टरच्या आत एक काळोखी डबी असते, तिच्यात प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. धूर शिरला की तो किरण विखरून सेन्सरवर पडतो, तेव्हा वर्दी जाते. त्या डबीत धूर शिरतो की नाही, जाळीवर धूळ-रंग बसलाय का, मुंग्यांनी आत बिऱ्हाड केलेय का, हे चुंबकाला काय ठाऊक? फोनची घंटी वाजते म्हणजे पलीकडचे बोलणे ऐकू येतेच असे नाही.

यासाठी तपासणीच्या धुराचा स्प्रे मिळतो. तो मारायचा, पॅनलवर बरोबर त्याच झोनचा दिवा लागतो का बघायचे, हूटर सगळ्या मजल्यांवर ऐकू येतो का बघायचे, मग मेन बंद करून बॅटरीवर हेच पुन्हा. अगरबत्ती दाखवू नये, आत काजळी बसते. हे सगळे मी सभेत सांगितले तर खजिनदार म्हणाले, 'काका, फॉर्म मिळतोय ना?'

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्या घरचे डिटेक्टर घरच्या विजेवर चालतात, आत वेगळी बॅटरी असते आणि सगळे एकमेकांना जोडलेले. तळघरातला वाजला की वरच्या बेडरूममधलाही वाजतो. बॅटरी उतरत आली की तो दर मिनिटाला टुकटुक करतो, अगदी रात्री तीनलासुद्धा, आणि जावई स्टुलावर चढतात. मागच्या बाजूला उत्पादनाची तारीख छापलेली असते, दहा वर्षे झाली की नवा लावायचा. मी तिथे हिंगाची फोडणी दिली तेव्हा तोही वाजला. पण तो उतरवून तिथे तांबे जोडावे असे कोणाच्या डोक्यात आले नाही, फक्त खिडकी उघडली.

संपादक महोदय, ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे गेली, तेव्हा रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला. दोन्ही वेळा आपल्या पहिल्या पानावर 'ऑडिट' हा शब्द होता. आपल्या वार्ताहरांनी ऑडिट झाले का एवढेच विचारू नये, डिटेक्टरमध्ये धूर घालून पाहिला का, कोणी आणि कोणत्या तारखेला, हे विचारावे. हवे तर सुरुवात आपल्या कचेरीपासून करावी. छताकडे एकदा बघा, टोपी तर नाही ना.

जाता जाता आणखी एक. मार्चमध्ये मी बागेतल्या तुटक्या बाकांवर पत्र पाठवले होते. आपण ते छापलेत, पण शेवटचे दोन परिच्छेद कापलेत, आणि बाक कोणी तोडले ते नेमके त्यात होते. बाक अजून तुटकेच आहेत. यावेळी कापायचेच असेल तर न्यू जर्सी कापा, चुंबक राहू द्या.

आणि माझे नाव छापू नये ही विनंती. रविवारी वार्षिक सभा आहे, विषयपत्रिकेत डिटेक्टर शेवटून दुसरा आहे, आणि वॉचमनने मला शिडी दिल्यापासून तिची किल्ली सेक्रेटरींकडे गेली आहे.

आपला,
एक बेफिकीर नागरिक,
ठाणे (पश्चिम)